भाजण्याची विद्या

एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला

मालवणी माणूस भेटला की दुसऱ्याच वाक्याला मासळीवर येतो, असे बाहेरचे लोक थट्टेने म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. आज बंदरावर काय लागले, बांगडा कसा गेला, सुंगटे आली होती की नाही, ही चौकशी झाल्याशिवाय आमच्याकडच्या गप्पांना रंग चढत नाही. मात्र या चौकशीत एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. ती मासळी घरी आल्यावर घरातल्या बाईने तिचे काय केले, आणि जे केले ते तसेच का केले, हा प्रश्न उंबऱ्याच्या आतच राहतो. जेवणारा 'झक्क झालाय' म्हणतो आणि हात धुवायला उठतो.

मालवणी जेवण म्हणजे तिखट जेवण, अशी एक समजूत मुंबई-पुण्याकडे आहे. परंतु नुसते तिखट खायचे तर ते देशावरही मिळते. गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी आमच्या वाडीतल्या बायकांबरोबर मसाल्याच्या कामाला बसले, त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि माझे असे मत झाले की आमच्या स्वयंपाकाची खरी खूण तिखटात नाही, ती भाजण्यात आहे. बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, मसाल्याचा जिन्नस न् जिन्नस वेगळा भाजायचा, वाटपाचे कांदा-खोबरे भाजायचे, आणि श्रावण-भाद्रपदातले तवशाचे धोंडससुद्धा खाली-वर विस्तव ठेवून भाजायचे. तिखट, आंबट, गोड या सगळ्यांच्या मुळाशी ही एकच क्रिया आहे. ती क्रिया म्हणजे नेमके काय, आणि चुली विझत चाललेल्या असताना ती पुढे कशी टिकवायची, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भाषेची साक्ष

आपण कला शाखेचे विद्यार्थी, तेव्हा सुरुवात शब्दांपासून करू. विस्तवाशी संबंध असलेली मराठीतली क्रियापदे नुसती आठवून पाहावीत. भाजणे, शेकणे, परतणे, तळणे, पोळणे, होरपळणे, करपणे. शिवाय खरपूस आणि खमंग ही दोन विशेषणे. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पापड आपण भाजतो, पाठ शेकतो, रवा परततो, आणि तोंड पोळते. खरपूस आणि करपलेले यांच्यामध्ये चुलीवर कधीकधी अर्ध्या मिनिटाचेच अंतर असते, पण भाषेने त्यांच्यामध्ये भिंत घातली आहे. एक स्तुती आहे, दुसरी निंदा. ज्या समाजाने विस्तवाकडे इतके बारकाईने पाहिले, त्याच्याच भाषेत इतके बारीक भेद येतात.

लेखी परंपराही जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर या राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या अनेक उपभोगांबरोबर त्यात अन्नाचाही विचार आहे आणि मांस निखाऱ्यावर भाजण्याच्या रीती त्यात सांगितल्या आहेत. सळईवर भाजलेल्या मांसाला संस्कृतात 'शूल्य' असा स्वतंत्र शब्दच आहे. शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत आज 'ग्रिल' या नावाने जे काही वाढले जाते, ते आपल्याला अगदी परके मानण्याचे कारण नाही.

भाजल्याने काय होते?

पाण्यात शिजवणे आणि भाजणे यांत मूलभूत फरक तापमानाचा आहे. पाणी सुमारे १०० अंश सेल्सियसला उकळते. खाली कितीही जाळ घातला तरी उघड्या भांड्यातले कालवण त्याच्या फारसे वर जात नाही. जिन्नस मऊ होतो, शिजतो, परंतु तांबूस होत नाही. उकडलेला कांदा तासभर उकडला तरी खमंग लागत नाही, याचे कारण हेच.

जिन्नसाच्या पृष्ठभागावरचे पाणी उडून गेले की तापमान १०० च्या पुढे चढू लागते. साधारण १४० अंशांच्या आसपास प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि साखरेचे काही प्रकार यांचा झपाट्याने संयोग होऊ लागतो आणि त्यातून शेकडो नवे सुगंधी पदार्थ तयार होतात. तांबूस रंगही त्यातूनच येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव पडले आहे. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, कॉफीची बी आणि निखाऱ्यावरचा बांगडा, या सर्वांच्या वासामागे मुख्यतः हीच क्रिया आहे. मासळी विस्तवावर ठेवण्यापूर्वी आमच्याकडे ती निथळून कोरडी करतात, त्याचेही कारण यात सापडते. ओली मासळी आधी स्वतःच्या पाण्यात शिजते आणि मग भाजते. तोवर ती फुटते.

ही गोष्ट समजली की मालवणी स्वयंपाकातले एक कोडे सुटते. ताज्या मासळीच्या कालवणाला आपल्याकडे बहुधा ओल्या नारळाचे कच्चेच वाटप लावतात. कोंबडीला, मटणाला आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला मात्र कांदा-खोबरे तांबूस भाजून वाटतात. असे का? मी हा प्रश्न आजीला विचारला, तेव्हा ती म्हणाली, "माशाक सोताची चव असा. ती मारूची कित्याक?" यापेक्षा चांगले उत्तर मला पुस्तकात मिळाले नसते. ताजी मासळी काही मिनिटांत शिजते आणि तिचा स्वाद नाजूक असतो. भाजलेल्या खोबऱ्याचा दणकट स्वाद त्यावर कुरघोडी करील. वाटाणा पडला मुका. त्याला बोलके करायला भाजलेले वाटपच लागते.

निखाऱ्यावरची मासळी

भाजण्याचा पहिला नियम वाडीतल्या प्रत्येक बाईने मला एकाच शब्दांत सांगितला: "निखारो होयो, जाळ नको." जाळाची उष्णता अस्थिर असते, वाऱ्याबरोबर हलते, आणि तिच्याबरोबर काजळी येते. निखारा मात्र मुख्यतः प्रारणाने, म्हणजे उन्हासारखी, सरळ आणि सारखी उष्णता देतो. त्यातही करवंटीचा निखारा उत्तम. तो कडक असतो, बराच वेळ टिकतो, आणि एकदा नीट पेटला की धूर फार करीत नाही. नारळाची सोडणे आणि चुडते आग पेटवायला चांगली, भाजायला नव्हेत.

दुसरा नियम मासळी निवडण्याचा. बांगडा, तारली, पेडवे या तेलकट जातीच्या मासळ्या निखाऱ्यासाठी जणू घडवलेल्या आहेत. भाजताना त्यांच्या अंगची चरबी वितळते आणि मांस आतून ओले ठेवते. थेंब निखाऱ्यावर पडतो, चर्रर होते, आणि त्याचा धूर परत मासळीला लागतो. कमी चरबीची मासळी अशी उघडी भाजली तर लाकडासारखी कोरडी पडते. तिला पानाचा आडोसा हवा.

बांगडा साफ करून त्याला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा द्यायच्या. मीठ आणि कोकमाचे आगळ लावून थोडा वेळ ठेवायचा. मीठ पाणी बाहेर ओढते, आगळाच्या आंबटपणाने वरचे मांस घट्ट होते आणि मासळीचा उग्र वास कमी होतो. मग मालवणी मसाला आणि हळद चिरांत भरायची. आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे सरळ निखाऱ्यावर, कातडी खरपूस होईपर्यंत. दुसरी म्हणजे केळीच्या किंवा हळदीच्या पानात गुंडाळून. पान ओले असते, त्यामुळे आतली मासळी वाफेवर शिजते. वरचे पान करपते आणि त्याचा वास आत शिरतो. पेडव्यांसारख्या लहान मासळीला हीच वाट सोयीची.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, दर्या खवळलेला असतो. तेव्हा सुक्या मासळीचा आधार. खारवलेला बांगडा निखाऱ्यावर भाजून, काटे काढून, कांदा, ओले खोबरे आणि कोकम यांत कुस्करला की पेजेबरोबर दुसरे काही लागत नाही. उन्हात वाळल्याने मासळीतले पाणी आधीच गेलेले असते, म्हणून ती निखाऱ्यावर पडताच भाजू लागते. वास गल्लीभर जातो. शेजारच्या घरी आज काय आहे ते आमच्याकडे विचारावे लागत नाही.

मसाल्याचा दिवस

एप्रिल-मे महिन्यांत, पावसाच्या आधी, आमच्याकडे वर्षाचा मसाला होतो. ऊन कडक असते, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, आणि मिरच्या अंगणात खडखडीत वाळतात. ब्याडगी मिरची घाटावरून, म्हणजे मुळात कर्नाटकातल्या ब्याडगीकडून येते. ती रंगाला. तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी. धने, बडीशेप, लवंग, मिरी, दालचिनी, बाद्यान, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, जायफळ, शहाजिरे, खसखस, मोहरी, हळकुंड, हिंग अशी बाकीची यादी. प्रमाणावर मात्र दोन घरांचे एकमत नाही. गाबितांच्या घरचा मसाला वेगळा, सारस्वतांचा वेगळा, भंडाऱ्यांचा वेगळा. बडीशेप जास्त की कमी, या एका मुद्द्यावर मी दुपारभर चाललेला वाद ऐकला आहे. त्यात कोणी हरले नाही आणि कोणी आपले प्रमाणही बदलले नाही.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत: प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. खसखशीचा दाणा बारीक, तो क्षणात तांबूस होतो. हळकुंड जाड, त्याला तेलात सावकाश तळावे लागते. दोन्ही एकत्र टाकली तर एक करपेल, दुसरे कच्चे राहील. मिरच्या बहुतेक ठिकाणी शेवटी, कारण त्यांचा खाट उठला की घरात कोणाला बसवत नाही.

"मसालो नाकान भाजूचो, डोळ्यांनी न्हय," असे आमच्या शेजारच्या काकीने मला बजावले. या वाक्यात बरेच शास्त्र आहे. मसाल्यांचा सुगंध त्यांच्यातल्या बाष्पनशील तेलांत असतो. थोड्या उष्णतेने जिन्नसातला ओलावा उडतो, तो ठिसूळ होतो, तेले मोकळी होतात आणि वास येतो. हाच उतरवण्याचा क्षण. त्यानंतरही भाजत राहिले तर ती तेले हवेत निघून जातात. घरभर घमघमाट सुटला म्हणून आपण खूश होतो, पण तेवढा सुगंध बरणीतून कमी झालेला असतो. म्हणून काकी म्हणते, "वास इलो काय काढ." मग सगळे पूर्ण निवू द्यायचे, कारण गरम मसाला भरला तर बरणीच्या आत घाम धरतो आणि बुरशी येते. कुटून, चाळून, वर हिंगाचे खडे ठेवून बरणी बंद.

पूर्वी हे कुटणे घरच्या उखळात व्हायचे, आता बहुतेक जणी डंकावर नेतात. डंकावरची रांग हीसुद्धा एक शाळाच आहे. पुढच्या बाईच्या डब्यात डोकावून 'गे, तुझ्यात नागकेशर किती?' असे विचारल्याखेरीज ती रांग पुढे सरकत नाही.

एवढ्या मिरचीचा अभिमान बाळगताना एक लक्षात ठेवावे, की मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती जगभर पसरली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या मार्फत या किनाऱ्यावर आली. काजूही तसाच, ब्राझीलहून आलेला. त्याआधी आमच्या स्वयंपाकाला झणका द्यायला मिरी होती आणि तिरफळ होते. तिरफळ हे चीनमधल्या प्रसिद्ध सिचुआन मिरीचे सख्खे भावंड, एकाच वनस्पतिकुळातले आणि एकाच प्रजातिगटातले. जिभेला मुंग्या आणणारा गुण दोघांतही आहे. बांगड्याच्या तिखल्यात ते ठेचून घालतात आणि आतली काळी बी टाकून देतात. पापलेटाला मात्र कोणी तिरफळ लावीत नाही. तिरफळ तेलकट मासळीचा उग्रपणा आवरते. पापलेटात आवरण्यासारखे काही नसते.

मिरची खाल्ल्यावर 'तोंड भाजले' असे आपण म्हणतो. ही नुसती लाक्षणिक भाषा नाही. शरीरात उष्णता ओळखणारे जे ग्राहक असतात, त्यांनाच मिरचीतले कॅप्सेसिन चेतवते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली तो ग्राहक शोधून काढला आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मेंदूच्या लेखी तोंड खरोखरच भाजलेले असते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही. नारळाच्या दुधाची सोलकढी मात्र उपयोगी पडते. जेवणाच्या शेवटी सोलकढी कोणी आणि केव्हा ठरवली हे सांगता येणार नाही, पण ठरवणारी बाई शहाणी होती.

गोडातला विस्तव

आमच्याकडच्या गोडांत रस-शिरवाळे, खापरोळ्या, पातोळ्या, जत्रेतले खाजे हे सगळे प्रसिद्ध आहेत. भाजण्याच्या दृष्टीने मात्र धोंडस महत्त्वाचे. जून तवसे, म्हणजे मोठी काकडी, किसायची. तांदळाचा रवा भाजून घ्यायचा. गूळ, खोबरे, काजू घालून सगळे एकत्र शिजवायचे आणि पान अंथरलेल्या जाड बुडाच्या भांड्यात ओतायचे. भांडे मंद निखाऱ्यावर ठेवून झाकणावरही निखारे ठेवायचे. खालून-वरून उष्णता मिळाली की कड तांबूस होते आणि धोंडस वडीसारखे कापता येते. गोव्यातला बेबिंका हाही याच घराण्यातला. नारळाचे दूध, अंड्याचा पिवळा बलक, साखर आणि मैदा यांचे मिश्रण थोडे थोडे ओतत, वरच्या निखाऱ्याने एकेक थर भाजत जायचे. ओव्हन नावाची पेटी घरात नसताना झाकणावर चार निखारे ठेवून बायकांनी तिचे काम करून घेतले.

आता या पिढीतल्या मुलींचे चॉकलेटचे वेड पाहावे. आमच्या वाडीत वाढदिवसाला चॉकलेटचा केक घरीच होतो. कुकरची शिटी आणि रबर काढून, तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, तो तापवून, आत केकचे भांडे ठेवतात. मीठ उष्णता सावकाश आणि सारखी पोचवते, बूड करपत नाही. ही धोंडसाचीच धाकटी बहीण आहे, हे माझ्या मैत्रिणींच्या लक्षात आणून दिले तेव्हा त्यांना मौज वाटली.

चॉकलेट हाही शेवटी भाजण्याचाच पदार्थ आहे. मिरचीप्रमाणे कोकोही अमेरिका खंडातलाच. तिथले लोक पूर्वी कोकोच्या पेयात मिरचीसुद्धा घालीत. कोकोच्या फळातल्या बिया आधी गरासकट साधारण पाच ते सात दिवस आंबवतात, मग उन्हात वाळवतात, मग भाजतात. आंबवताना बियांत अमिनो आम्ले आणि साखरा मोकळ्या होतात, आणि भाजताना त्यांच्यापासून चॉकलेटचा वास तयार होतो. पुन्हा तेच मायार महाशय! न भाजलेल्या बीला चॉकलेटचा ओळखीचा वास नसतो. १८२८ साली हॉलंडमधल्या व्हान हाउटेन यांनी बियांतले लोणी दाबून वेगळे काढण्याची रीत काढली, आणि १८४७ साली इंग्लंडमधल्या फ्राय कंपनीने खाण्याची वडी बनवली. तोवर चॉकलेट मुख्यतः प्यायचेच होते. भारतात कोको नारळी-पोफळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून घेतात. १९७३ साली मंगळूरला सुरू झालेल्या 'कॅम्पको' या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने १९८६ साली पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला. मंगळूरचा किनारा आमच्या किनाऱ्याचाच पुढचा भाग आहे.

कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांना वितळते. म्हणून चॉकलेट तोंडात विरघळते, आणि म्हणूनच वैशाखात मालवणच्या कपाटातही ते विरघळते. याला उतारा आमच्याच परसात आहे. कोकमाच्या बियांचे तेल, ज्याला आमच्याकडे मुठेल म्हणतात आणि जे पायाच्या भेगांना लावतात, ते सुमारे ४० अंशांपर्यंत घट्ट राहते. त्याची घडण कोकोच्या लोण्याशी जुळती आहे. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो नियम केला, त्यात कोकोच्या लोण्याखेरीज फक्त सहा वनस्पतिज स्निग्धांना पाच टक्क्यांपर्यंत परवानगी दिली. त्या सहांत कोकम आहे आणि आंब्याची कोयही आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याच्या सोलांचे कौतुकही होते. बी मात्र अजून पुष्कळ ठिकाणी उकिरड्यावर जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यावर जरूर विचार करावा.

अंदाज आणि माप

ही सारी विद्या आजवर टिकली ती वाटीने. शेजारी कालवणाची वाटी जाते. ती वाटी रिकामी परत येत नाही. वाटीबरोबर 'कसा केलंस गे?' हा प्रश्नही जातो आणि उत्तरही येते. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की हीच देवघेव चुलत-मावस बहिणींत चालते. मुंबईची बहीण केक शिकवते, गावची बहीण वाटप शिकवते. दोघींचेही डोळे चमकत असतात. आपल्याला येणारी गोष्ट दुसरीला आली तर आपले काही कमी होत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

पण या उत्तरांत एक शब्द फार येतो: 'अंदाजान'. मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने, निखारे अंदाजाने. ज्या मुलीने दहा वर्षे चुलीपाशी काढली, तिला तो अंदाज कळतो. वसतिगृहात राहणाऱ्या किंवा मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलीला तो कळायचा कसा? मराठीत हा प्रश्न पूर्वीही पडला होता. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक लिहिले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि घराघरांत गेले, कारण त्यात घरातल्याच वाटी-चमच्याची मापे होती. अंदाज मापात आणणे म्हणजे अनुभव दुसऱ्याच्या हाती देता येईल असा करणे. हे काम लहान नाही.

शिवाय आता या विद्येला पैशाचे मोल आले आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यावर घरगुती खानावळी आणि न्याहारी-निवासाची घरे उभी राहिली. ज्या हाताला घरात कोणी विचारीत नव्हते, त्या हाताने आता कुटुंबे चालतात. हे चांगलेच झाले. मात्र तीस पाने वाढायची घाई असली की खोबरे मंद विस्तवावर भाजायला सवड राहत नाही. रंग मिरचीने येतो, खमंगपणा येत नाही. पाहुण्याला वाटते, मालवणी जेवण म्हणजे लाल आणि तिखट. तो तेच मागतो, आणि मग तेच केले जाते. लेखाच्या आरंभी ज्या समजुतीचा उल्लेख केला, ती अशी आपल्याच हातांनी पक्की होते.

चूल आणि धूर

इथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग चुलीकडे परत चला. मी तसे म्हणणार नाही. आजीचे डोळे धुराने चुरचुरत आणि तिचा खोकला पहाटे सगळ्या घराला जागे करी, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या दूषित हवेमुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. अशा चुलीपुढे दिवस काढतात त्या मुख्यतः बायकाच. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ घरांत पहिला सिलिंडर गेला. चुलीवरच्या चवीचे गोडवे बहुधा जेवणारा गातो. फुंकणी जिच्या हातात असते ती क्वचितच गाते.

तेव्हा खरा प्रश्न असा, की धूर जावा आणि विद्या राहावी, हे कसे साधायचे? माझ्या मते याचे उत्तर कारणांत आहे. नुसती कृती पाठ असेल तर ती चुलीबरोबर विझते. कृतीमागचे कारण माहीत असेल तर ती कोणत्याही विस्तवावर नेता येते. पृष्ठभाग कोरडा हवा आणि उष्णता सारखी हवी, एवढे कळले की बांगडा बिडाच्या तव्यावरही चांगला भाजतो. तवा आधी चांगला तापवायचा, मासळी निथळलेली हवी, आणि ती स्वतःहून सुटेपर्यंत उलटायची नाही. वाटपाचा कांदा पापडाच्या जाळीवर ठेवून गॅसवर सालासकट भाजता येतो. धुराचा वास हवाच असेल, तर करवंटीचा एक पेटता निखारा वाटीत घालून त्यावर तुपाचा थेंब सोडावा, वाटी भांड्यात ठेवून झाकण लावावे आणि धुंगार द्यावा. तो धूर भांड्यात राहतो, बाईच्या छातीत जात नाही. धोंडस कुकरात होते, ते आपण पाहिलेच. आणि काळे झालेले, करपलेले खाऊ नये, हे जे आजी सांगे, त्याला आजचे आरोग्यशास्त्रही दुजोरा देते.

महाविद्यालयात आपण लोकगीते गोळा करतो, म्हणी गोळा करतो, बोलीतले शब्द टिपतो. त्याच वहीत चार पाने भाजण्याला द्यायला काय हरकत आहे? प्रत्येकाने आपल्या घरातली एक कृती घ्यावी. आई किंवा आजी करीत असताना शेजारी बसावे, मुठीचे माप वाटीत मोजावे, 'वास आला' म्हणजे किती मिनिटांनी आला ते घड्याळात पाहावे, आणि प्रत्येक पायरीला 'का?' असे विचारावे. मुलांनीही हे करावे. बंदरावरची मासळी ओळखण्यात ते पटाईत असतातच, आता ती भाजायलाही शिकावे. मराठी विभागाने त्या कृती आणि त्यांतले मालवणी शब्द एकत्र केले तर एक चांगला संग्रह होईल.

ज्यांच्या हाती ही विद्या आहे त्यांच्यातल्या पुष्कळजणी स्वतःला अडाणी म्हणवतात. "माका काय येता? नुसता रांदूक येता," असे काकी मला म्हणाली होती. उष्णता, आम्ल, तेल आणि वेळ यांचा मेळ जी रोज दोन वेळा अचूक घालते, तिला 'नुसते' रांधता येते असे निदान आपण तरी म्हणू नये. सुटीत घरी जाल तेव्हा वही घेऊन जा.